खिडकीच्या गजांची धूळ

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. लेकीपाशी नाही, विहारात शेजारी बसणाऱ्या म्हाताऱ्यांपाशी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा लिहिणं वाकडंतिकडं होईल. पण खोटं लिहिणार नाही — खोटं बोलून झालं आहे.

माझी बायको विमल. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिला घरात झाडं लावायचा नाद होता. घरात म्हणजे घरातच — पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. आमचं घुग्घुस कोळशाच्या खाणींचं गाव, बाहेर लावून काय उपयोग? कोळशाचे ट्रक दिवसभर दारावरून जातात, पान हिरवं राहतच नाही. खिडकी लावून घेतली तरी धूळ आत येते. म्हणून रोज सकाळी ती जुन्या लुगड्याचं ओलं फडकं घ्यायची आणि एक-एक पान पुसायची. खालून हात द्यायची, वरून पुसायची — लेकराचं तोंड पुसतात तसं. तेलाच्या डब्यांत अकरा झाडं होती. मनीप्लांट, रबराचं झाड, आणि एक ठिपक्यांच्या पानाचं, ज्याचं नाव तिलाही माहीत नव्हतं.

मी हसायचो. माझा जन्म अहेरीकडचा, जंगलातला. तिकडे झाड कोण पुसतं? म्हणायचो, "वाघ आला तं त्यालेबी पुसशीन काय?" ती म्हणायची, "वाघाले पुसीन. तुमाले नाई पुसत, तुमची काळी निंघतच नाई." मी खाणीत होतो ना, त्यावरून.

मग तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं. मागच्या खोलीत खाट टाकली, कारण नळ आणि संडास तिकडे. तिथून पुढची खिडकी दिसत नाही — हे लक्षात ठेवा.

लेक सुजाता नागपूरहून आली. म्हणाली, आईला घेऊन जाते, तिकडे रोज व्यायाम करून घेणारी बाई मिळते, हात हलायला लागेल. तुम्हीही चला. मी म्हटलं, जावयाच्या घरी राहू? त्याच्या ताटात जेवू? आमच्या बापजाद्यांत कोणी राहिलं नाही. सुजाता चिडली. "मंग इथी आईले कोण पाहीन? तुमच्यानं एक झाड तरी जगते काय, बाबा?"

विमल खाटेवरून बोलली. तोंड एका बाजूला गेलं होतं, तरी हसत होती. "पाहू ना. झाडं पावसाळा सरेपर्यंत तुह्या बाबाच्या हातात. जगली तं मी इथीच राह्यतो. मेली तं ये मले न्यायले."

सगळे हसले. पण ती गंमत करत नव्हती. पन्नास वर्षांत मला तेवढं कळत होतं.

तेव्हापासून रोज सकाळी मी पानं पुसायचो आणि फडकं मागे नेऊन तिला दाखवायचो. ती डाव्या हातात धरायची, उलटंपालटं करायची. फडकं काळं, म्हणजे पानं पुसली. "आज लय निंघाली," म्हणायची. "वारं खाणीकडून हाय वाटते." महिनाभर मी इमानदारीनं केलं. महिनाभर — जास्त नाही.

मग मला कंटाळा आला. आता काय लपवू? कंटाळा आला. एका सकाळी वाटलं, झाडाला ऊन लागतं, पुसणं काय लागतं? जंगलात कोण पुसतं? अकरा डबे उचलले आणि अंगणात नेऊन ठेवले. मे महिना होता. आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत नसेल — दुपारी गाईगुरं भिंतीला चिकटून उभी राहतात. दोन दिवसांत पानं भाजून तपकिरी झाली. घाबरून वरून बादल्या ओतल्या, तर तापलेल्या डब्यांत मुळं शिजली. आठवड्यात एक राहिलं नाही.

तेव्हा आत जाऊन सांगायचं होतं — विमल, मेली. एवढंच. सुजाताला फोन गेला असता, रविवारी गाडी आली असती. मग मी काय केलं?

मी फडकं ओलं केलं. खिडकीचे गज पुसले. काळं झालेलं फडकं मागे नेऊन तिच्या हातात दिलं.

तिनं उलटंपालटं केलं. म्हणाली, "बेस."

हेच ते. दोन वर्षं हेच माझ्या छातीत आहे. जून, जुलै, सगळा पावसाळा मी गज पुसले. पुढचं दार बंद ठेवलं. बाया भेटायला यायच्या त्या मागच्या दारानं. एकदा पाऊस लागून होता, फडकं फारसं मळेना, तर चुलीची काजळी लावली. ती म्हणाली, "पाण्यापावसात इतकी काळी काऊन?" मी म्हटलं, ट्रक वाढले. तिनं मान हलवली. ठिपक्याच्या झाडाला नवीन पान आलं काय, विचारलं. मी म्हटलं, दोन आले.

पावसाळा संपता संपता सुजाताचा फोन आला. विमलनं फोन डाव्या कानाला धरला आणि म्हणाली, "मी नाई येत. झाडं जगली. मी रोज फडकं पाह्यतो ना." केवढी खुशीत होती! माझ्याकडे बघत होती — जसं मी काही केलं होतं.

मी काऊन केलं? एकटं राहायची भीती होती? लेकीपुढे हारायचं नव्हतं? दोन्ही असेल. भीती होती म्हणून ते बरोबर होत नाही.

दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, हात-पाय हलवा. सुरुवातीला बदलली. मग — झाडांसारखंच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, कधी तेही नाही. ती सांगायची नाही. माझ्या हातात झाडं जगली असं तिला वाटत होतं, मग ती कशाला शंका घेईल? थंडीत पाठीला जखम झाली. जखमेतून ताप आला. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. पाठ पाहून डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं.

सुजाता आली. चार दिवसांनी विचारलं, "आईची झाडं कुठी हायत?" मी म्हटलं, देऊन टाकली, पाहवत नव्हती. ती माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, माफ करा बाबा, मी तुमाले असं बोलायला नको होतं.

आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आता नातेवाइकांत माझं नाव आहे. म्हाताऱ्यानं बायकोची झाडं जपली म्हणतात. मागच्या महिन्यात सुजातानं जावयाच्या हाती कुंडी पाठवली, ठिपक्याच्या पानांची. कुठून शोधली कोण जाणे. सोबत निरोप — तुमचा हात चांगला आहे, तुम्हाला सोबत होईल.

काल तिचा फोन होता. झाड कसं आहे, विचारलं. मी म्हटलं, दोन नवीन पानं फुटली.

कुंडी खिडकीत आहे. पानांवर बोटानं रेघ ओढता येईल एवढी धूळ आहे. खालची चार गळली. फडकं खिळ्यावर आहे, इथून हात पोचतो.

मी उठलो नाही.