देवमन मास्तरांचं इंग्रजी

देवमन मास्तर १९५७ साली धामणगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला आले. आदल्याच वर्षी त्यांच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला होता. शाळेत त्यांच्याशी कुणी भांडलं नाही, पण मधल्या सुटीत चहाला चल असंही कुणी म्हटलं नाही. ते खिडकीशी बसून वह्या तपासत. एकदा खुशालराव मास्तर सर्वांदेखत म्हणाले, "तुमचं इंग्रजीही वऱ्हाडीच वाटते." सगळे हसले. त्यानंतर देवमन मास्तर आणखी कमी बोलू लागले.

एके दिवशी वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, नाईफमंधी के काहून लिवतात? बोलत तर नाही." मास्तरांनी तिचा प्रश्न लिहून घेतला. रविवारी ते अमरावतीच्या वाचनालयात गेले. तिथं इंग्रजी भाषेच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. तो के पूर्वी बोलला जात होता; जिभेनं तो टाकला, लिहिण्यात राहून गेला. मुलीला उत्तर मिळालं, पण मास्तर दर रविवारी जातच राहिले. फ्रान्सकडून आलेल्या सरदारांनी इंग्लंडचं राज्य घेतलं तेव्हा दरबारात दोन-तीनशे वर्षं फ्रेंच चालली, आणि इंग्रजी उरली ती शेतकऱ्या-मजुरांच्या तोंडी, हे पान त्यांनी दोनदा वाचलं.

घरी आई, चतुराबाई, ज्वारी निवडत होती. मास्तर म्हणाले, "माय, मेंढ्या राखणारे शीप म्हणत. मटन हा शब्द साहेबांच्या ताटातला, फ्रेंच."

"म्हंजे राखनाराचा शब्द येक अन् खानाराचा दुसरा," आई म्हणाली. "हे पाहाले तू अमरावतीले जाऊन राहिला?"

मास्तर मोठ्यानं हसले. तेव्हापासून रविवारचं सगळं ते तिला सांगत.

१९६१ च्या उन्हाळ्यात चतुराबाई गेली. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. वाचलेलं सांगायला कुणी नाही म्हणून ते मराठीत लिहू लागले. मुख्याध्यापकांना वही दाखवली, तर ते म्हणाले, "हे अभ्यासक्रमात नाही." वाचनालयानं त्यांचं एक व्याख्यान ठेवलं. दोन माणसं आली. मास्तर तासभर बोलले, चारचौघांत पहिल्यांदाच, घरच्या वऱ्हाडीत.

पुढं अकोल्याला बदली झाली. भाड्याच्या खोलीत, एकट्यापुरता भात टाकून, ते लिहीत बसत. १९६७ मध्ये वही पुरी झाली. पहिल्या पानावर त्यांनी आईचं नाव घातलं. वही कुणाला वाचायला द्यावी, हे मात्र त्यांना सुचलं नाही.