नाव न ठेवलेली

कुत्रीला नाव ठेवायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी घरात जाहीर केलं होतं. नाव ठेवलं की ती आपली होते, आणि ही आपली नव्हती. पळस्पे फाट्यावर गाडीखाली सापडून पडली होती. मी रिक्षात घालून डॉक्टरकडे नेली, मागचा एक पाय काढावा लागला, आणि बरी होईपर्यंत घरी आणली, एवढाच काय तो संबंध. आम्ही नवरा-बायको तेव्हा खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. सपाटीवर ती तीन पायांनी छान पळायची, पण जिना आला की पहिल्या पायरीशी बसून माझ्या तोंडाकडे बघायची. मग मी ओढणी कमरेला बांधून तिला उचलायची, खाली न्यायची, परत वर आणायची. ती अंगानं भरत गेली तशी माझी कंबर बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, "हिला तळमजल्यावरचं घर बघा. नाहीतर पुढचं ऑपरेशन तुमचं."

झालं, लेकीसाठी बघावीत तशी स्थळं बघायला लागलो. पहिलं बंगल्यातलं. पुढे बाग, मागे झोपाळा. तिथल्या बाई म्हणाल्या, "तीन पायांची राखण काय करणार?" राखण हवी असेल तर वॉचमन ठेवा म्हटलं आणि उठले. दुसरे फार्महाऊसवाले. शनिवार-रविवार येणार आणि मधल्या दिवसांत हिला साखळी. तिसऱ्यांचं सगळं चांगलं होतं, अगदी खरं सांगते, पण घरी आल्यावर मी म्हटलं, फरशी फार गुळगुळीत आहे, घसरून पडेल. ह्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. म्हणाले, "सगळ्या जगाला नावं ठेवतेस. एकदा तिला ठेव आणि मोकळी हो." मला ते फार लागलं, कारण खरं होतं.

नाव नाही म्हणजे हाक नाही, असा माझा हिशेब. तिथेच आम्ही फसलो. आमचे हे जुन्या वळणाचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला कधी नावानं हाक मारली नाही. "अगं, टॉवेल." "अगं, बेल वाजली." त्या मुक्या जिवानं काय समजावं? एकदा ह्यांनी गॅलरीतून "अगं" म्हटलं. मी कणीक मळत होते. हात धुऊन बाहेर जाते तो ही माझ्या आधी ह्यांच्यापुढे हजर. "तुला नाही गं, तिला," हे म्हणाले. त्या 'गं'नं ती आणखी जवळ सरकली. त्या दिवसापासून एका हाकेला आम्ही दोघी उठायचो, आणि बहुतेकदा तीच आधी पोचायची. हे तिच्या कानामागे खाजवत बसायचे आणि टॉवेल राहायचा बाजूला.

शेवटी स्थळ चालून आलं ते मासळीबाजारातून. मी हिला बरोबर घेऊन जायची तेव्हा तिथली एक मासेवाली म्हातारी हिला बोंबलाची डोकी टाकायची. एक दिवस मासे घ्यायला वाकले ती कंबर धरूनच सरळ झाले. म्हातारी म्हणाली, "मोडशील बाय. दे ती आमच्याकडं. आमच्या घराला पायरीच नाय."

आम्ही दोघं हिला घेऊन घर बघायला गेलो. रोडपालीला उंच इमारतींच्या मधोमध म्हातारीचं बैठं घर उरलं होतं. खरंच, अंगणातून थेट आत. मी सवयीनं सुरुवात केली. रस्ता जवळ आहे, म्हटलं. म्हातारी म्हणाली, "कुंपण हाय." कोंबड्या आहेत, म्हटलं. "त्याच तिला टोचतील, ती काय टोचत नाय." मी पुढचं काही शोधत होते, तेवढ्यात आतून तिच्या नवऱ्याची हाक आली, "अगो, पानी आण."

म्हातारी उठायच्या आत आमची उठली. एकदा माझ्याकडे बघितलं आणि लंगडत, शेपटी हलवत थेट आत गेली. खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "ही कोन आली?" आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे ठेवायला एकही नाव उरलं नाही. परतीच्या रिक्षात मी तोंडाला ओढणी लावून रडले, आणि हे दुसरीकडे बघत राहिले.

बाजारात म्हातारी भेटते. बरी आहे, जाडी झालीय म्हणते. नाव काय ठेवलं विचारलं तर हसते, "नाव कशाला? हाक मारली का येते." मी भेटायला जात नाही. माझ्यामागे निघाली तर तिला परत कशी सोडू?

घरी मात्र एक नवल झालं. दुसऱ्या दिवशी हे सवयीनं "अगं, चहा" म्हणाले. मी चहा घेऊन आले तर हे माझ्या पायांच्या आसपास बघत होते. त्यानंतर ह्यांनी मला चक्क नावानं हाक मारायला सुरुवात केली. बहिणी चिडवायच्या, या वयात प्रेम उतू चाललंय. लग्न झाल्यापासून मी ज्या हाकेची वाट बघितली ती अशी मिळाली, आणि मला ती कुणा परक्या बाईला मारल्यासारखी वाटायची. एका संध्याकाळी न राहवून म्हटलंच, "अहो, पूर्वीसारखं अगं म्हणा ना."

"म्हणून काय करू?" हे म्हणाले. "तू एकटीच येतेस."