टेलरमास्तरांच्या हिरड्यांचं माप

टेलरमास्तरांचं पाऊल वाकडं पडलंय, ही बातमी गल्लीत आधी कुणी आणली याबद्दल दोन मतं आहेत. ती घरोघर पोचवली केमिस्टच्या बायकोने, याबद्दल मात्र दुमत नाही. पुरावा भक्कम होता. भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मास्तर मागच्या रस्त्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानाशेजारचा जिना चढतात. वर गाणं शिकवणाऱ्या एक बाई एकट्या राहतात. चढताना मास्तर धड असतात. उतरतात तेव्हा ओठ एका बाजूला ओघळलेला, तोंडावर रुमाल आणि रुमालावर लाल डाग. डाग कशाचा, हे शहाण्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही.

त्याच जिन्यावर, गाण्याच्या दारासमोर, दातांच्या डॉक्टरीणबाईंचं दार होतं. पाटीवर हातभर दात रंगवलेला. पण तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मास्तर आणि दातांचा डॉक्टर? छे. त्यापेक्षा मास्तर आणि गाणं लोकांना सहज पटत होतं.

कारण दात साफ करून घेणं या विषयावर मास्तरांनी आयुष्यभर प्रवचनं झोडली होती. गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभं राहिलं की बिचारं पळून जाणार कुठे? "कॉलर ताठ कशाने राहते?" मास्तर विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता सांगायचे, "आतल्या बकरमने, त्या कडक कापडाने. दातांवरचं पिवळं कीटण म्हणजे दातांचं बकरम. डॉक्टर ते खरवडतात, मग दात लुळे पडतात, मग तेच डॉक्टर नवे बसवतात. धंदा आहे सगळा." सिद्धांताला शिवणकामाचा आधार असल्यामुळे लोक मान डोलवायचे. सगळ्यांत जास्त डोलवली ती मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी. हिरड्या सुजल्यात, खोलवर साफ करून घ्या, असं त्यांना डॉक्टरने बजावलं होतं. मास्तरांनी एका चहाच्या कपात ते खूळ त्यांच्या डोक्यातून काढलं. आता आक्का पलंगावर झोपतात आणि त्यांचे दात पाण्याच्या पेल्यात.

स्वतःचं बकरमही मास्तरांनी जिवापाड जपलं होतं. ब्रश लावला की रक्त यायचं, म्हणून त्यांनी ब्रशच सोडला. जखमेवर कुणी खराटा फिरवतं का? बोटाने पावडर फिरवली की झालं. माप घेताना गिऱ्हाइकं मान मागे घ्यायची. मास्तरांना वाटायचं, आपला दरारा.

आणि दोरा मास्तरांनी कधी कात्रीने तोडला नव्हता. पुढच्या दोन दातांत धरायचा, मान झटकायची, टक. एकदा एका वकिलाच्या काळ्या कोटाला बटण लावून त्यांनी दोरा दातांत धरला, मान झटकली. दोरा होता तिथेच राहिला आणि दात पुढे आला. मास्तरांनी जिभेने तो हळूच मागे लोटला. गेला. पुन्हा ओढला. आला. समोर मास्तरीणबाई काजं करत बसल्या होत्या. नवऱ्याने कात्रीकडे हात नेलेला पाहून त्यांनी एकदा वर बघितलं आणि पुन्हा सुई टोचली.

काही दिवस जिभेने दात चाचपण्यात गेले. मग मास्तरांनी चोरपावलांनी तो जिना गाठला.

डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी खुणा कोरलेली एक बारीक सळई घेतली, ती प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत सरकवली आणि मागे बसलेल्या नर्सला आकडे सांगायला सुरुवात केली. तीन. चार. सहा. सहा. सात. जन्मभर मास्तरांनी लोकांची मापं अशीच मोठ्याने पुकारली होती. त्यांचं कुणी घेतलं नव्हतं. आकडा कुठला का असेना, असा वाढत चालला म्हणजे काहीतरी सैल पडलंय, एवढं त्यांना कळत होतं.

निरोगी हिरडी दाताला घट्ट बसते, बाई सांगू लागल्या, दोन-तीन मिलिमीटरचीच फट असते. मास्तरांच्या हिरड्यांना खोल खिसे पडलेत. खिशात कीटण, कीटणावर जंतू, आणि खाली हाड झिजतंय. रक्त यायचं ते घासल्यामुळे नव्हे, नीट न घासल्यामुळे.

मास्तरांनी शेवटचा बाण सोडला. "पण हे कीटण काढलं तर दाताला आधार कसला?"

"आधार हाडाचा असतो, काका," बाई म्हणाल्या. "तुम्ही जे कीटण जपलंत, त्यानेच तो झिजवला."

वरवर इस्त्री फिरवून भागणार नव्हतं, अस्तराच्या आत शिरायचं काम होतं. प्रत्येक फेरीला तोंडाचा एक कोपरा इंजेक्शनने बधिर करायचा, आधी मशीनने आणि मग हातातल्या बारीक हत्यारांनी हिरडीखालचं कीटण खरवडायचं, दाताचं मूळ गुळगुळीत करायचं, म्हणजे हिरडी पुन्हा दाताला बिलगते. गेलेलं हाड परत येत नाही. उरलेलं राखता येतं. असे चार कोपरे. ओघळलेला ओठ आला तो इथून, आणि रुमालावरचा डागही.

दुसरा कोपरा झाला, बधिरपणा अजून उतरला नव्हता, तेवढ्यात अफवा मास्तरांच्या कानावर आली. पँटचं माप देता देता बँकेतल्या एका कारकुनाने डोळा मिचकावून विचारलं, गाणं कुठवर आलं. आता मास्तरांपुढे दोनच वाटा होत्या. हिरड्या सडल्या हे सांगायचं, म्हणजे सिद्धांत गेला आणि आक्कांच्या दातांचं पाप डोक्यावर आलं. नाहीतर गप्प बसायचं. मास्तर गप्प बसले. वर थोडं हसलेही, आणि ओठाचा एकच कोपरा हलत असल्यामुळे ते हसू फारच चावट दिसलं.

मग काय, दुकानात पाय ठेवायला जागा उरेना. वर्षानुवर्षं तयार कपडे विकत घेणाऱ्या बायकांना अचानक झगे शिवायचे होते. केमिस्टच्या बायकोने एकच झगा आधी घट्ट करून घेतला, मग सैल, मग पुन्हा घट्ट. मास्तरांनी केसांना कलप लावला. जन्मभर पापभीरू राहून जी पत मिळाली नव्हती, ती न केलेल्या पापाने मिळत होती.

तिसऱ्या फेरीला निघायच्या आदल्या संध्याकाळी मास्तर घरी आले, तर मास्तरीणबाईंची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. भावाकडे चालले, त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मास्तर घाईघाईने खुलासा करायला लागले. डॉक्टर, दात, हिरड्या असं काहीबाही ते बोलले. बाईंनी विचारलं, यापेक्षा बरी थाप सुचली नाही का. आजवर दातांच्या डॉक्टरांना शिव्या घालणाऱ्या माणसावर विश्वास तरी कसा ठेवायचा?

शेवटी मास्तर शिलाई मशीनच्या दिव्याखाली बसले आणि त्यांनी आ केला. बाईंनी दिवा खाली ओढला. एका बाजूला घासून धुतलेल्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला जुन्या मोरीचा काठ. त्यांनी स्वच्छ बाजूकडे बोट दाखवलं.

"ही बाजू कुणी केली?"

"डॉक्टरीणबाईंनी."

"म्हणजे तुमचं ते बकरम खोटं."

मास्तरांनी तोंड मिटलं आणि होकारार्थी मान हलवली.

"मला तुमची ती गाणेवाली परवडली असती," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तिने नुसतं आपलं घर मोडलं असतं. तुमच्या बकरमने आक्कांचं तोंड मोडलं, आणि वर तुम्ही मजेत कलप लावून फिरताय." मग त्यांनी अट घातली. आक्कांना दुकानात बोलवायचं, गिऱ्हाइकं असतील तेव्हाच, आणि सगळ्यांदेखत सांगायचं. तोवर पिशवी दाराशीच राहील.

शनिवारी दुकान भरलेलं होतं. आक्का स्टुलावर बसल्या होत्या. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून ठेवली आणि सांगून टाकलं: आपण सांगत होतो ते चूक होतं, आपल्याच हिरड्या सडल्यात, ज्यांना ब्रश लावल्यावर रक्त येतं त्यांनी जाऊन दाखवून यावं. आक्का, तुला मी अडवायला नको होतं.

आक्कांनी जिभेने कवळी जागेवर बसवली. "माझे गेले ते गेले. पण मला अडवलंस तेव्हा चार घरं ऐकू जाईल असा बोलत होतास. आता कुजबुजतोस का?"

मास्तरांनी सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्याने. त्या रात्री मास्तरीणबाईंनी पिशवी रिकामी केली.

गल्लीने मात्र कबुली साफ नाकारली. बिचारी मास्तरीण, केमिस्टची बायको म्हणाली, नवऱ्याचं लफडं झाकायला नणंदेची कवळी पुढे करते. उरलेले दोन कोपरेही झाले. सूज उतरली तशा हिरड्या आवळल्या, दात लांब दिसायला लागले, मधे फटी उघड्या पडल्या, गार पाणी झोंबायला लागलं. हे सगळं होणार असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. गल्लीचं म्हणणं, गाणेवालीच्या भावाने थोबाडीत मारली, त्यात दात विस्कटले. पुढचा दात आता पूर्वीइतका हलत नाही, पण मास्तर दोरा कात्रीनेच तोडतात, सकाळ-संध्याकाळ ब्रश करतात आणि दर तीन महिन्यांनी तो जिना चढतात. त्यामुळे अफवेला वरचेवर खतपाणी मिळत राहतं.

खरं एवढंच आहे. मास्तरांना हिरड्यांचा रोग झाला होता, आणि हिरड्यांखालची सफाई करून घ्यायला ते त्या जिन्याने जात होते. गाणं शिकवणाऱ्या बाईंशी ते आजवर एक शब्दही बोललेले नाहीत.