देवघरात बसलेलं पदक

मला लष्करातलं काडीचंही कळत नाही, आणि म्हणूनच मी लढाईतली पदकं जमवायला लागलो.

आमचं घराणं गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांचं. यात्रेकरू आला की त्याचं नाव, गाव, बाप, आजा, पणजा बाडात उतरवून ठेवायचा, हा आमचा पिढीजात धंदा. मी इंग्रजी शिकून हायस्कुलात इतिहासाचा मास्तर झालो, पण अंगातली खाज जाते कुठे? एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. एकदा तांबटाच्या दुकानात मोडीच्या ढिगात एक पदक दिसलं. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण कोरलेली! म्हणजे चक्क वंशावळीची सुरुवातच! त्या दिवसापासून बसऱ्याच्या लढाईहून परतलेला एकही शिपाई माझ्या तावडीतून सुटला नाही. पदक पंधरा दिवसांसाठी मागून आणायचं, वर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्यायचा आणि मालकाला समोर बसवून त्याची सगळी हकीकत वहीत लिहायची. (मी शाईत टाक बुडवीपर्यंत सांगणारा दोन गावं जिंकून पुढे गेलेला असे!)

या सगळ्यांत देखणं पदक होतं रखमाजी हवालदाराचं. रखमाजी दिंडोरीकडचा, मिशा अजून पलटणीतल्याच. पदक अस्सल चांदीचं, रुपयाहून चांगलं मोठं. एका बाजूला बादशहाचं दाढीवालं डोकं. दुसऱ्या बाजूला हातात तलवार घेतलेला घोडेस्वार आणि घोड्याच्या पायाखाली एक ढाल व माणसाची कवटी. घोडेस्वाराच्या अंगावर मात्र चिंधी नाही! विलायतेत एवढी थंडी असताना तिथले लोक आपल्या वीरांना कपडे का देत नाहीत, हे मला अजून उमगलेलं नाही.

"मास्तर, पंधरा दिस," पदक देताना रखमाजीनं बजावलं. "जास्ती नाय. चीज सरकारची हाय."

"हवालदार, तुमच्या घरापेक्षा माझ्या घरात ते नीट राहील."

"त्ये बी खरं. आमच्या कारभारनीनं एकडाव त्याच्यानं आलं ठेचलं व्हतं. कडेला पोचा हाय बघा."

पदक कापसात गुंडाळून मी पेटीत ठेवलं आणि शाळेतून पाच-सहा दिवसांची रजा काढून मालेगावकडे दुसऱ्या एका शिपायाची हकीकत उतरवायला गेलो. इकडे त्याच दिवशी येवल्याहून यमूआत्या आली.

यमूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय साठ, आवाज मात्र विशीतला. तिच्या जिवाला एकच सल होता. आम्हा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा कुलस्वामी खंडोबाचा टाक थोरल्या भावाकडे पंचवटीत गेला आणि माझं देवघर कुलस्वामीवाचून राहिलं. (टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव. खंडोबा टाकावर घोड्यावर बसलेला असतो. हातात तलवार असते. पायाखाली दैत्य असतो. वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या आलं नव्हतं!)

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला दुपारी मी परत आलो तो माझ्या दाराशी वीस-पंचवीस जोडे! आत शिरतो तो उदबत्त्यांचा धूर, झेंडूच्या माळा आणि आमची ही हसतमुखानं सामोरी.

"अहो, देव सापडला!"

"कुठला देव?"

"आपला खंडोबा! आत्यांना पेटीत सापडला. प्रतिपदेलाच घट बसवले. शेजारच्या वेणूताईंची हरवलेली गाय दुसऱ्याच दिवशी घरी आली, तेव्हापासून सारी आळी दर्शनाला लोटलीय!" (वेणूताईंची गाय दर आठवड्याला हरवते आणि दुसऱ्या दिवशी घरी येते. पण हे त्या गर्दीत सांगणार कोणाला?)

मी देवघरात डोकावलो. हळदीच्या भंडाऱ्यात न्हालेलं, माळेखाली, नंदादीपाशेजारी रखमाजीचं पदक विराजमान झालेलं!

"आत्या, अगं हे पदक आहे! बादशहानं दिलेलं!"

"देव कोणाच्याही हातून येतो. तुला मेल्याला तो कळला नाही, त्याला देव काय करणार? कुलस्वामीला कापसात कोंडून ठेवतोस? बरं, अंगावर धडुतं तरी! ऐन थंडीत देव उघडा! त्याच्याबरोबर एक रेशमी फीत होती, तिचं उपरणं शिवून घातलं."

"अगं, त्याच्या मागच्या बाजूला बादशहाचं डोकं आहे!"

"पाहिलं की! दाढीवालं दैत्याचं मुंडकं. चांगलं काजळ फासलंय त्याच्या तोंडाला."

दिवस कसे होते ते! खादीची टोपी घातली म्हणून माणसं तुरुंगात जात होती, आणि इथं एका सरकारी शाळामास्तराच्या देवघरात हिंदुस्थानच्या बादशहाला तोंड काळं करून पालथं घातलेलं! मी झडप घालून पदक उचलायला गेलो, तर आत्यानं माझ्या मनगटावर पळी मारली.

"खबरदार! घट बसलेत. उद्या षष्ठीला दुपारी तळी भरल्याशिवाय देव जागचा हलायचा नाही!"

ते खरंच होतं. खंडोबाच्या या सहा दिवसांच्या नवरात्रात बसवलेल्या देवाला आंघोळसुद्धा घालत नाहीत, नुसतं फुलानं पाणी शिंपडतात. मी विचार केला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या दुपारनंतर बादशहाचं तोंड धुऊ, फीत उसवू, पदक परत करू आणि गप्प बसू. एवढा विचार होतोय न होतोय तोच ओटीवरून हाक आली.

"मास्तर हायत का घरात?"

रखमाजी! मिशांना तेल, बगलेत इस्त्री केलेल्या पोशाखाचं गाठोडं.

"मास्तर, नशीब उघडलं! नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात फाटकावर जमादाराची जागा निघालीया. उद्या सकाळी धा वाजता साहेब पेन्शनरांस्नी बघनार. छातीवर पदक असंल त्याचाच इचार. चार सालं खेटे घालतूय. फुडल्या साली वय सपतंय, म्हंजे ही शेवटची खेप. द्या माजी चीज."

"बसा ना. चहा घ्या."

चहा झाला. मी त्याला मालेगावच्या हवापाण्याची माहिती दिली. दुसरा चहा झाला. मी मेसोपोटेमियाच्या खजुराबद्दल विचारलं. तिसरा कप समोर आला तेव्हा त्यानं मिशा पुसून शांतपणे विचारलं, "मास्तर, इकलं का काय?"

"छे छे! आहे! अगदी सुखरूप आहे! फक्त..."

"कोण आलंय रे?" आतून आत्या गरजली. "दर्शनाला आलेत का? येऊ दे त्यांना!"

रखमाजी देवघराच्या दाराशी उभा राहिला. त्यानं पाहिलं. डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. मग डोक्यावरचं पागोटं सावरून त्यानं हात जोडले आणि आढं हादरेल अशा आवाजात आरोळी ठोकली, "येळकोट येळकोट जय मल्हार!"

मी त्याच्या कानाशी लागलो. "हवालदार, अहो ते तुमचं पदक आहे!"

"वळखलं. कडेला आल्याचा पोचा दिसतूय."

"मग आत्याची नजर चुकवून उचलू का?"

तो दोन पावलं मागं सरकला. "बसल्याला देव उचलायचा? मास्तर, तुमी बामन ना?"

झालं! आत्या हलू देईना, पदकाचा मालक हात लावीना, आणि देव उठवायला निघालेला एकटा मीच, सात पिढ्यांचा उपाध्या! रखमाजी ओटीवर जाऊन बसला. गाठोडं मांडीवर घेऊन त्यावरून उगीच हात फिरवत राहिला. "असू द्या, मास्तर. देवाच्याच मनात नसंल," एवढंच म्हणाला. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझ्या हौसेपायी एका भल्या माणसाची शेवटची संधी जात होती, आणि मला खरोखर तोंड लपवावंसं वाटलं.

आत्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं पदर खोचला.

"देवाला उचलायचं नाही म्हणजे नाही. पण देव आपण होऊन निघाला तर? जेजुरीला पालखी निघतेच की! इतक्या वर्षांनी घरी आलाय, आणि पहिलंच भक्ताचं काम निघालंय. तो काय बसून राहील होय? पालखी काढ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रविवार पेठेतून पालखी निघाली ती करीमभाईंच्या तांग्यातून! मागच्या बाजूला आत्या. तिच्या मांडीवर ताम्हन, त्यात देव आणि नंदादीप. तिच्या शेजारी आमची ही, भंडाऱ्याची पिशवी सांभाळत. पुढे करीमभाईंजवळ रखमाजी, पुऱ्या पोशाखात, देव छातीवर घ्यायचा म्हणून कालपासून उपाशी. आणि पायरीवर लोंबकळत घंटा वाजवणारा मी! वाटेत माझ्या शाळेतली पोरं भेटली. त्यांनी येळकोट केला. करीमभाई इतके रंगात आले की म्हणाले, "माईजी, हमारे घोडे को भी जरा हल्दी लगाव!" आत्यानं घोड्यालाही भंडारा लावला.

मध्येच सगळ्यांची पाठ वळलेली पाहून मी माझ्या उपरण्याच्या टोकानं बादशहाचं तोंड पुसायला गेलो. आत्यानं तिथंही हात झटकला. "ओवळा मेला! तांग्याची पायरी धरलेल्या हातानं देवाला शिवतोस?"

फाटकाशी पोचल्यावर नवी अडचण. पदक छातीवर लावायचं कशानं? फितीचं तर उपरणं झालेलं! शेवटी हिनं पिशवीतल्या ओटीच्या हिरव्या खणाची पट्टी फाडून त्यात पदक अडकवलं. आत्यानं रखमाजीला जवळ बोलावलं. तो संकोचून मागं सरला.

"माय, तुमचं सवळं..."

"खंडोबाला कधी कुणाची जात आडवी आलीय रे? ये इकडे!" असं म्हणून तिनं स्वतःच्या हातानं देव त्याच्या छातीवर लावला. देव अर्थातच बाहेर तोंड करून, दैत्य आत.

मैदानात पंधरा-वीस पेन्शनर रांगेत उभे होते. गोरा साहेब छडी बगलेत धरून एकेकाला न्याहाळत आला, आणि रखमाजीपाशी थबकला. पिवळं धमक पदक, हिरवी फीत, घोडेस्वाराच्या अंगावर उपरणं!

"मेडल उलटा क्यूं है?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण इंग्रजी येणारा त्या मैदानात आपण एकटेच, असं वाटून मी दोरी ओलांडून धावलो. "सर! सर! धिस इज नॉट मेडल! धिस इज गॉड!"

साहेबानं माझ्याकडे पाहिलं, आणि पदक उलटं केलं. बादशहाचं तोंड डांबरासारखं काळं!

"ये क्या है?" साहेबाचा आवाज चढला. इंग्रजीच्या बदली तासाला मी पोरांना क्रियापदं धडाधड चालवायला लावतो, त्या वेळी माझं एकही चालेना. पोलिसांनी मला वर्गातून धरून नेल्याचं दृश्यही मला स्वच्छ दिसलं.

रखमाजी ताठ उभा होता. नजर समोर ठेवून तो म्हणाला, "काजल है, हुजूर. बादशाह को नजर ना लगे, इसलिए."

साहेबानं पुन्हा पदकाकडे पाहिलं. "इतना?"

"बादशाह बडा है, हुजूर. तो नजर भी बडी लगती है."

साहेबाच्या मिशा हलल्या. मग खांदे हलले. आणि मग तो गडगडाटी हसला! त्यानं अंगठ्यानं कडेवरची हळद खरवडून नंबर वाचला आणि विचारलं, "बसरा?" रखमाजी म्हणाला, "बसरा, हुजूर." तोही तिथलाच निघाला. दोघं बसऱ्याच्या चिखलाबद्दल आणि माश्यांबद्दल इतका वेळ बोलत राहिले, की माझी वही घरी राहिल्याचं मला त्याही स्थितीत वाईट वाटलं. तेवढ्यात पहारेकऱ्यांना हुलकावणी देऊन आत्या आत शिरली आणि कुणी अडवायच्या आत तिनं साहेबाच्या कपाळावर भंडाऱ्याचा मळवट भरला.

"औक्षवंत हो!" ती म्हणाली. "आणि याला नोकरी दे."

साहेबाला पहिलं वाक्य कळलं नाही. दुसरं बहुधा कळलं, कारण रखमाजीला जागा मिळाली.

त्या दुपारी आमच्या घरी तळी भरली ती रखमाजीच्याच हातानं. भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, देव उठले, आत्यानं आपल्या हातानं दैत्याचं तोंड धुऊन पदक रखमाजीच्या स्वाधीन केलं. हा सारा प्रकार पंचवटीत कळताच थोरल्या भावानं धावत येऊन कुलस्वामीचा खरा टाक आत्याच्या पदरात घातला. आत्या पुढच्या वर्षी देवघरात आणखी काय बसवील, ही त्याची धास्ती!

पुढे महिन्याभरानं मी वही-टाक घेऊन नाशिक रोडला गेलो. रखमाजीची राहिलेली हकीकत लिहायची होती, आणि त्या निमित्तानं छापखानाही आतून पाहायचा होता. फाटकावर खुद्द रखमाजी, खाकी पोशाखात, छातीवर लखलखीत पदक. मी हसत पुढे झालो. त्यानं दंडुका आडवा धरला.

"पास?"

"अहो हवालदार, मी! मला ओळखत नाही?"

"वळखतो की, मास्तर. पुरता वळखतो, म्हनून तर पास इचारतूय." त्यानं फाटकाची कडी आतून घातली. "तुमच्या घरात पंधरा दिस पदक ठिवलं, तर त्याचा देव झाला. हितं आत नोटा हायत!"