तारीख मागे ठेवणारी माणसं

सीताबर्डीवर, कपड्यांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. तिथे बसून मी एका रक्ततपासणीच्या लॅबसाठी प्रोग्रॅम लिहिला. लॅब नागपुरात, रक्त गोळा करायची केंद्रं सावनेर-काटोलला. केंद्रातल्या कॉम्प्युटरने इंटरनेटवरून लॅबच्या सर्व्हरला हाक मारायची, अमक्याचा रिपोर्ट काढून दे, आणि सर्व्हरने तो द्यायचा. पण त्याआधी माझा प्रोग्रॅम पलीकडच्याचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्रच, तपासायचा. हाकेला ओ देणारा खरंच लॅबचा सर्व्हर आहे, की मधेच कुणी तिसरा बसलाय, हे पाहायचा. लोकांची दुखणी त्या तारेतून जाणार होती, म्हणून त्या तपासणीवर मी जीव ओतला होता.

सावनेरला बसवल्याबरोबर प्रोग्रॅम अडला. म्हणे, सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही. मी डोकं खाजवलं, मग स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. कॉम्प्युटरची तारीख कित्येक वर्षं मागे होती; त्याच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून निघायचंच होतं.

"ताई, ही तारीख अशी काहून?" मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं.

"मीच करतो ना मागं, रोज सकाळी, अगरबत्ती लावाच्या आधी. बिलाचं सॉफ्टवेअर फुकटचं हाय, महिनाभरापुरतं. तारीख पुढं गेली का बंद पडते."

तुळशीला पाणी घालतात त्या निष्ठेनं हे चाललं होतं. काटोललाही तेच. बाईंचा राग नाही आला, त्यांना मालकानं शिकवलं होतं. पण भिंतीवर देवाची तसबीर, खाली रोजची फसवणूक, आणि त्या फसवणुकीच्या पोटात लोकांचे रिपोर्ट, हे पाहून मला शिसारी आली.

ऑफिसात येऊन मी आमच्या सरांना सांगितलं, की लॅबवाल्यांना तारखा सरळ करायला लावा.

"मॅडम, गिऱ्हाइकाले घड्याळ शिकवाले बसू का आता? ती तपासणीच बंद करून टाका."

"मग मधे बसून कुणीही रिपोर्ट वाचेल, सर."

"सावनेरले कोण रिकामा बसून राहिला बाप्पा? चालते ना!"

हा 'चालते ना' मला ओकारी आणतो. मी साफ नाही म्हणाले. सरांनी शेजारच्या टेबलावरच्याकडून तपासणीची ती एक ओळ बदलून घेतली. दुसऱ्या सकाळी प्रोग्रॅम चालू झाल्याच्या आनंदात तर्री-पोहे आले. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले. मी हात लावला नाही.

माझी मावसबहीण सावनेरची. तिचं लग्न जमत आलं होतं. आमच्याकडे सिकलसेलचा, रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या त्या आजाराचा, धाक मोठा, म्हणून शहाणी माणसं लग्नाआधी रक्त तपासून घेतात. तीही मला न सांगता त्याच केंद्रात गेली. ती वाहक निघाली. स्वतः ठणठणीत, आणि मुलगा वाहक नसेल तर होणाऱ्या लेकरांनाही तो आजार होत नाही. तिनं ठरवलं होतं, आपणच त्याला सांगायचं आणि त्यालाही तपासून घ्यायला लावायचं.

तिला ती संधी मिळाली नाही. केंद्राच्या मालकानं इंटरनेटही स्वतःचं घेतलं नव्हतं, शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याचं वायफाय वापरत होता. तो दुरुस्तीवाला भलता उद्योगी. त्यानं लॅबचं सोंग घेतलं, आणि तपासणी काढलेला आमचा प्रोग्रॅम खुशाल त्याच्याशी बोलत राहिला. तिचा रिपोर्ट त्यानं वाचला, आणि नवरामुलगा त्याचा दोस्त. ती सांगायला गेली तेव्हा मुलाच्या आईनं तिला दारातच थांबवलं.

फोनवर ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी सांगणारच होतो ना वं. लपवून ठेवलं म्हणते मले."

मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा. त्यांनी ऐकून घेतलं, च् च् केलं, मला पाणी दिलं. मग जरा पुढे वाकून काळजीनं विचारलं,

"पण मॅडम, रिपोर्ट तर बरोबरच होता ना?"