बाबांचं मिटलेलं प्रकरण

गेल्या रविवारी इथे बेंगळुरूत, एचएसआर लेआउटमध्ये आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. विषय, निवृत्तीनंतरची गुंतवणूक... आणि वक्ता कोण, तर माझ्या सासऱ्यांची आयुष्यभराची बचत बुडवणारा तोच गृहस्थ!

बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, सगळी नोकरी इथल्याच एका सरकारी कारखान्यात इंजिनीअर म्हणून झाली. एरवी भाजीवाल्या अण्णाला दोनदा वजन करायला लावणारा माणूस. पण हा गृहस्थ मंडळाच्या गणपतीत भेटला, गोड मराठी बोलला, घरी येऊन थालीपीठ खाऊन गेला... आपला माणूस म्हटल्यावर परवाना कोण विचारतो? आम्ही बाहेर राहणारे मराठी लोक नेमके इथेच फसतो.

शेअर्स घेऊन देतो म्हणाला होता. घेतलेच नव्हते. त्याने दिलेल्या ॲपवर दिसायचे ते सगळे खोटे आकडे.

पोलिसांकडे गेलो, तर शेअरचं प्रकरण आहे, बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे जा म्हणाले. तिथे ऑनलाइन तक्रार केली. उत्तर आलं, ही व्यक्ती आमच्याकडे नोंदणीकृत नाही, सबब आमच्या कक्षेत येत नाही... तक्रार बंद. अहो, नोंदणी नसताना हा लोकांचे पैसे घेतोय, हीच तर तक्रार होती! संतापाने मला रडू फुटलं.

बाबांनी मंडळात जाणंच सोडलं. एवढा शिकलेला माणूस फसला कसा, असं कुणी तोंडावर म्हणेल याची धास्ती. आम्हालाही कुठे बोलू देईनात.

म्हणून कार्यक्रमाचा मेसेज आल्यावर मी मंडळाच्या सेक्रेटरींना फोन केला आणि बाबांचं नाव न घेता, ह्या वक्त्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार झाली होती, असं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, ती तक्रार बंद झाली. वक्त्यांनी स्वतःच सांगितलं. प्रकरण मिटलंय." म्हणजे बंद झालेली तक्रार हेच त्याचं प्रशस्तिपत्रक!

घरी हे सांगितलं तेव्हा बाबांनी कार्यक्रमाचा मेसेज मागून घेऊन वाचला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. रविवारी मी येतो."

भाषण संपलं, प्रश्न विचारा म्हणाले, आणि बाबा उठले. "ते मिटलेलं प्रकरण म्हणजे मी. माझे पैसे आलेले नाहीत. ह्यांच्याकडे परवाना नाही. मी फसलो, तुम्ही फसू नका."

तो गृहस्थ हसत म्हणाला, "काका, आपण बाहेर बोलू ना..."

"नको. मराठीत बोलून फसवलंत, आता मराठीतच सगळ्यांसमोर बोला."

तो बॅग उचलून चहाच्या आधीच निघून गेला.

चहाच्या वेळी सर्जापूर रोडच्या एक ताई बाबांजवळ आल्या. यजमान नुकतेच गेलेत त्यांचे. "काका, मी चेकबुक घेऊन आले होते हो..." एवढंच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. बाबांनी आपला चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

परत येताना ऑटोत बाबा म्हणाले, "आपले पैसे काही येत नाहीत गं आता." मला खोटं बोलवेना. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमाला लवकर जाऊ. खुर्च्या वाकड्या लावतात मंडळाची ती मुलं."

कायदे आहेत, पोर्टल आहे, हेल्पलाइन आहे... पण त्या ताईंचे पैसे वाचले ते बाबा उभे राहिले म्हणून. समोर बसून मला हे बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहितेय... थँक यू, बाबा.