तव्यावरचे प्लग

इथे परदेशात, बुकित बातोकमधल्या गॅरेजवरून जाताना पेट्रोलचा वास आला आणि नाशिकची एक गारठलेली पहाट आठवली. बाबांना पहिल्या पाळीआधी कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटायची होती. मी चोक जास्त ओढला आणि आमची जुनी गाडी सुरूच होईना. बाबांनी इंजिनातले पेट्रोलने भिजलेले स्पार्क प्लग काढले, पुसले आणि आईच्या तव्यावर तापत ठेवले.

“अहो, मग भाकरी कशावर भाजू?”

“दहा मिनिटं गं. कामगारांचा प्रश्न आहे.”

आईने हसत चिमट्याने प्लग उलटवले. गाडी सुरू झाली, पत्रकं वेळेवर पोचली. मला बाबांचा केवढा अभिमान वाटला! आई मात्र डबा न घेताच दवाखान्यातल्या ड्युटीवर गेली. तीही कामगारच होती, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.